डीएनए लस: निम्म्या उंदरांत टायटर चढतो, निम्मे कोरेच राहतात. दोष कुठे शोधायचा?

एलायझाची, म्हणजे रक्तातली अँटिबॉडी रंगावरून मोजणाऱ्या चाचणीची प्लेट समोर आहे; त्या अँटिबॉडीच्या पातळीला टायटर म्हणतात. डीएनए लशीत अँटिजेनचा, म्हणजे ज्याच्याविरुद्ध अँटिबॉडी हवी त्या प्रथिनाचा जनुक प्लाझ्मिड या गोल डीएनएवर बसवून टोचतात आणि पेशी त्यावरून ते प्रथिन बनवतात. दहा उंदरांचा गट, सगळे बाल्ब-सी या एकाच वाणाचे, एकाच वयाचे, प्रत्येकाला नडगीच्या पुढच्या स्नायूत ५० मायक्रोग्रॅम प्लाझ्मिड तीन आठवड्यांच्या अंतराने दोनदा दिलेलं. रंगाची अभिक्रिया थांबवणारं स्टॉप सोल्यूशन टाकल्यावर चार ओळी झळझळीत पिवळ्या, दोन फिकट, आणि उरलेल्या चार ओळींत ब्लँकइतकाच, म्हणजे सीरम न घातलेल्या खान्याइतकाच रंग. मागच्या वेळी साधारण असंच झालं होतं, त्याच्या मागच्या वेळीही. डीएनए लशीवर काम करणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाने ही प्लेट कधी ना कधी पाहिली आहे. नव्याने या कामात आलेली मुलं दर काही महिन्यांनी हाच प्रश्न घेऊन येतात, म्हणून आम्ही जे तपासतो ते सगळं एकदा सविस्तर लिहून काढते आहे.

अशा वेळी पहिली ओढ असते ती अँटिजेन बदलण्याची. कोडॉन, म्हणजे जनुकाची तीन-तीन अक्षरं, पुन्हा सुधारून घेऊ, मात्रा १०० मायक्रोग्रॅम करू, एखादं अ‍ॅडजुव्हंट (प्रतिसाद वाढवणारा पदार्थ) घालून बघू. मीही सुरुवातीला हेच केलं आणि त्यात बरेच महिने गेले, बरेच उंदीरही गेले. तुम्ही ते करू नका. चार उंदरांनी उत्तम प्रतिसाद दिला आहे याचा अर्थ अँटिजेन चांगला आहे आणि प्लाझ्मिडही काम करतं आहे. उरलेल्यांत ते पेशीपर्यंत पोचलेलंच नाही. ही पोचवण्याची अडचण आहे आणि ती पोचवण्याच्या साखळीतच शोधायला हवी.

आधी सरासरी बाजूला ठेवा

अहवालात सरासरी टायटर आणि त्याच्या आजूबाजूची पसरण दाखवणारी रेघ (एरर बार) घालून आलेख काढला की हा आजार दिसतच नाही, फक्त ‘प्रतिसाद मध्यम आहे’ एवढंच दिसतं. म्हणून प्रत्येक उंदराचा एकेक ठिपका काढा. ठिपक्यांचे दोन तऱ्हेचे आकार दिसतात आणि त्यांची कारणं वेगळी असतात.

सगळे ठिपके खाली एकत्र बसले असतील तर डीएनए बहुधा पोचतो आहे, पण पुढे काही घडत नाही. प्रथिन कमी बनत असेल, चुकीच्या घडीचं बनत असेल किंवा पेशीच्या आतच अडकून बसत असेल. अँटिबॉडी बनवणाऱ्या बी पेशींना ते दिसावं म्हणून प्रथिनाला पेशीबाहेर धाडणारा छोटा तुकडा, सिग्नल पेप्टाइड, पुढे जोडतात. टीपीए या प्रथिनाचा जोडतात, आयजीई या अँटिबॉडीचा जोडतात. अहमदाबादच्या झायडसने कोविडवर केलेल्या झायकोव्ह-डी लशीतही स्पाइकच्या पुढे आयजीईचा सिग्नल पेप्टाइड आहे. ही दुरुस्ती क्लोनिंगच्या टेबलावर होते, तिच्यावर इथे जास्त लिहीत नाही.

काही ठिपके वर आणि काही अगदी तळाशी असतील तर संशय पोचवण्यावर घ्या. बाल्ब-सी उंदीर जनुकीयदृष्ट्या एकसारखे असतात, म्हणजे ‘या उंदराला हा अँटिजेन ओळखताच येत नसेल’ ही पळवाट इथे चालत नाही. त्याच गटाशेजारी तेच प्रथिन तुरटीच्या जातीच्या अ‍ॅल्युमिनियमच्या क्षारात मिसळून दिलेला एक छोटा गट ठेवा. त्या गटाचे ठिपके जवळजवळ बसले आणि डीएनएचे विखुरले, तर एलायझा आणि उंदीर दोन्ही निर्दोष आहेत.

आणखी एक सोपी खूण आहे, ती फारशी कुणी वापरत नाही. प्रत्येक डोसनंतर किती उंदीर ‘जागे’ झाले, म्हणजे कितींत अँटिबॉडी दिसू लागली, ते मोजा. दर वेळी निम्म्याच इंजेक्शनांत डीएनए नीट पोचत असेल, तर पहिल्या डोसनंतर दहापैकी पाच जागे होतील, दुसऱ्यानंतर सात-आठ, तिसऱ्यानंतर नऊच्या आसपास. म्हणजे कोरे उंदीर डोसागणिक निम्मे होत जातात. तेच ते उंदीर शेवटपर्यंत कोरे राहिले, तर मात्र कानावरची खूण चुकली आहे का, एखाद्या पिंजऱ्यातले उंदीर आजारी आहेत का, सीरमच्या नळ्या अदलाबदल झाल्या आहेत का, हे आधी बघा.

पोचायचं कुठे असतं

थोडं मागे जाऊन सांगते, कारण यातूनच पुढची सगळी तपासणी निघते. १९९० साली विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या जॉन वुल्फ यांच्या गटाने दाखवलं की उघडं प्लाझ्मिड, कुठलाही विषाणू किंवा मेद न वापरता, नुसतं उंदराच्या स्नायूत टोचलं तरी तिथे प्रथिन बनतं. १९९३ साली मर्क या औषध कंपनीतल्या मार्गारेट लिऊ आणि जेफ्री उल्मर यांच्या गटाने फ्लूच्या आतल्या प्रथिनाचा जनुक असाच टोचून उंदरांना फ्लूपासून वाचवलं. सगळ्यांना वाटलं, आता लस बनवणं सोपं झालं. माणसांवरच्या पहिल्या चाचण्यांत मात्र लस सुरक्षित ठरली आणि प्रतिसाद फिकट आला. त्यामागचं मोठं कारण पोचवणं हेच होतं.

हिशेब करून बघा. ५,००० बेसपेअरच्या प्लाझ्मिडचे ५० मायक्रोग्रॅम म्हणजे सुमारे नऊ लाख कोटी रेणू. एवढे रेणू एका छोट्या स्नायूत सोडूनही प्रथिन बनवणारे तंतू थोडेच असतात. उरलेले रेणू वाटेत संपतात. पेशींच्या मधल्या जाळीत अडकतात, डीएनेज एन्झाइम त्यांना तोडतात. ऋणभारामुळे ते ऋणभारित पेशीपटलाजवळून माघारी फिरतात. आत शिरलेच तर दाट पेशीद्रवात एवढा मोठा रेणू जागेवरच खिळतो. आणि शेवटी केंद्रकाचं दार. एमआरएनए लशीला पेशीद्रवापर्यंत पोचलं की पुरतं, डीएनएला मात्र केंद्रकाच्या आत जावंच लागतं. फायझरच्या कोविड लशीच्या प्रौढांच्या मूळ डोसात ३० मायक्रोग्रॅम एमआरएनए होता आणि झायकोव्ह-डीच्या एका डोसात २ मिलिग्रॅम डीएनए होता, म्हणजे साठपटीहून जास्त. या फरकात केंद्रकाच्या त्या दाराचाही वाटा आहे.

एचईके-२९३ या ताटलीत वाढवलेल्या पेशींत लिपोफेक्शन करून (मेदाच्या साहाय्याने प्लाझ्मिड घालून) वेस्टर्न ब्लॉटवर, म्हणजे प्रथिन दाखवणाऱ्या चाचणीत, ठसठशीत बँड आला म्हणून निश्चिंत होऊ नका. त्या पेशी रोजच्या रोज विभागतात, विभागताना केंद्रकाचं आवरण विरघळतं आणि प्लाझ्मिडला आपोआप आत जागा मिळते. पक्व स्नायूतंतू विभागतच नाही. ब्लॉटवरून प्लाझ्मिडमधला जनुक वाचला जातो एवढंच कळतं. तेही कळायलाच हवं, पण पोचवण्याबद्दल तो काहीच सांगत नाही.

प्लाझ्मिडची तपासणी

हे काम एका दिवसात होतं, म्हणून आधी उरकून घ्या. प्रत्येक बॅच आगरोज जेलवर चालवा, म्हणजे विजेने जेलमधून पळवून डीएनएचे आकार वेगळे करा. पुढे धावणारा घट्ट बँड सुपरकॉइल्ड (पिळून आवळलेला, अखंड), मागे रेंगाळणारा निक झालेला (एका धाग्याला चीर पडून सैल झालेला). सुपरकॉइल्ड भाग ८० टक्क्यांहून जास्त असावा ही अमेरिकेच्या एफडीएच्या मार्गदर्शिकेतली अपेक्षा प्रयोगशाळेतही पाळण्यासारखी आहे. एकच नळी दहा वेळा गोठवून वितळवली की मागचा बँड जाड होत जातो. बॅच आल्याबरोबर छोट्या छोट्या नळ्यांत वाटून ठेवा.

शुद्धता कळावी म्हणून प्रकाशशोषणाचं २६०/२८० नॅनोमीटरचं गुणोत्तर सगळे बघतात. २६०/२३० पण बघा. ते फार खाली असेल तर शुद्धीकरणाच्या कॉलमचं मीठ किंवा ग्वानिडिन राहिलेलं आहे. खाली बसलेल्या डीएनएच्या गोळीवरचं इथेनॉल पूर्ण उडालेलं नसेल तर डीएनए जेलच्या खाचेतून (वेलमधून) वर तरंगत येतो, ते तर डोळ्यांनाच दिसतं. असं द्रावण स्नायूत गेलं की तो जळजळतो.

एंडोटॉक्सिनकडे सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं. प्लाझ्मिड इ. कोलाय या जिवाणूमधून येतं आणि त्याच्या भिंतीचं लिपोपॉलिसॅकराइड, म्हणजेच एंडोटॉक्सिन, साध्या मिडीप्रेपमध्ये (डीएनए काढण्याच्या नेहमीच्या किटमध्ये) डीएनएबरोबर भरपूर निघतं. त्याने स्नायूत सूज येते, पेशी डीएनए घेण्याच्या अवस्थेत राहत नाहीत, आणि वर रिकाम्या व्हेक्टरच्या (अँटिजेनचा जनुक नसलेल्या प्लाझ्मिडच्या) गटातही विचित्र प्रतिसाद दिसू लागतो. एंडोटॉक्सिनमुक्त किट वापरा आणि तरीही एंडोटॉक्सिन मोजणारी एलएएल चाचणी करा. आमच्याकडे एका मायक्रोग्रॅमला ०.१ युनिटच्या वर गेलेली बॅच प्राण्यांच्या खोलीत जात नाही, मग ती कितीही घाईची असो.

शेवटचं पाणी कोणतं, हेही विचारा. साठवणीला टीई बफर ठीक आहे. उंदराला द्यायचं द्रावण निर्जंतुक सलाइन किंवा पीबीएसमध्ये (फॉस्फेटच्या सलाइनमध्ये) असावं, आणि सगळ्या गटांना त्याच बाटलीतलं.

हात

सगळ्यात जास्त वेळा दोष इथे सापडतो आणि सगळ्यात कमी वेळा इथे शोधला जातो, म्हणून यावर जरा थांबते.

उंदराच्या नडगीचा पुढचा स्नायू जेमतेम ५० मिलिग्रॅमचा. त्यात आपण ५० मायक्रोलिटर द्रव घालतो, म्हणजे स्नायूच्या वजनाइतकंच पाणी. स्नायू टरारून फुगतो, तंतू एकमेकांपासून सुटतात, आतला दाब वाढतो. उघड्या डीएनएला पेशीत ढकलणारी एक मोठी शक्ती हा दाबच आहे. तो टिकला तर डीएनए आत जातो. सुईच्या वाटेने द्रव परत बाहेर आला किंवा स्नायूच्या आवरणाबाहेर कातडीखाली पसरला, तर दाबही जातो आणि डीएनएही. म्हणून प्रोटीनच्या लशीत खपून जाणारी हाताची चूक इथे खपत नाही. प्रोटीन कातडीखाली सांडलं तरी ते प्रोटीनच असतं. डीएनए पेशीबाहेर राहिला की काही तासांत त्याचे तुकडे होतात.

एका प्रयोगात आमचे ठिपके पिंजऱ्यांप्रमाणे वाटले गेले होते. दोन पिंजऱ्यांतले उंदीर जवळजवळ सगळे जागे, दोन पिंजऱ्यांतले कोरे. वही उघडली तर इंजेक्शनं दोघांनी वाटून घेतली होती, दोन-दोन पिंजरे. दुसऱ्या दिवशी दोघांना शेजारी बसवून निळ्या रंगाचं पाणी टोचायला दिलं, दुसऱ्या मंजूर प्रयोगात आधीच मेलेल्या उंदरांच्या पायांत. एका हाताखाली स्नायू कापल्यावर आत लांबट निळा पट्टा मिळाला. दुसऱ्या हाताखाली स्नायू गुलाबी आणि निळा रंग कातडीच्या आतल्या बाजूला पसरलेला. सुई काढताना त्या जागी मोहरीएवढा निळा थेंब वर येत होता. खऱ्या इंजेक्शनाच्या वेळी तोच थेंब रंगहीन असतो, केसांत मुरतो आणि कुणाला दिसत नाही. दोष त्या मुलाचा नव्हता, त्याला कुणी हे दाखवलंच नव्हतं.

तेव्हापासून आम्ही असं करतो. उंदराला आयसोफ्लुरेन या भुलीच्या औषधाने नीट झोपवतो, धडपडणाऱ्या पायात इंजेक्शन देत नाही. नडगीवरचे केस काढतो, म्हणजे स्नायूची कडा आणि परत येणारा थेंब दोन्ही दिसतात. सुई जोडलेलीच असते अशी इन्सुलिनची सिरिंज घेतो. वेगळी सुई बसवायच्या सिरिंजमध्ये सुईच्या बुंध्यात द्रव अडकून राहतो, आणि ५० मायक्रोलिटरच्या डोसात ती मोठी चोरी असते. सुईवर बारीक प्लॅस्टिकच्या नळीचा तुकडा असा चढवतो की टोक दोन ते तीन मिलिमीटरच बाहेर राहील, म्हणजे सुई हाडापर्यंत जात नाही आणि स्नायूच्या पलीकडे निघत नाही. घोट्याकडून गुडघ्याकडे, स्नायूच्या लांबीला समांतर शिरतो. सावकाश दाबतो. दाबून झाल्यावर मनात दहा मोजतो आणि मगच सुई काढतो. त्या दहा आकड्यांनी आमच्याकडे जेवढा फरक पडला तेवढा कुठल्याही महागड्या रसायनाने पडला नाही.

नवीन माणूस आला की आधी निळं पाणी. त्याच्या हातून सलग दहा पायांत आत निळा पट्टा मिळेपर्यंत त्याला खऱ्या प्रयोगात बसवत नाही. आणि इंजेक्शनं दोघांनी द्यायची असतील तर प्रत्येक गटातले निम्मे उंदीर एकाने, निम्मे दुसऱ्याने. पूर्ण गट एका हातात दिला की पुढे हाताचा फरक लशीचा फरक म्हणून छापला जातो.

काजवा लावून बघा

हात सुधारला तरी अंदाजावर पुढे जाऊ नका. अँटिजेनच्या जागी काजव्याच्या ल्युसिफरेजचा (प्रकाश देणाऱ्या एन्झाइमचा) जनुक त्याच व्हेक्टरमध्ये, त्याच प्रमोटरखाली (जनुक चालू करणाऱ्या तुकड्याखाली) बसवा आणि पाच-सहा उंदरांना त्याच पद्धतीने द्या. तीन ते सात दिवसांनी पोटात ल्युसिफेरिन (ज्यावर ल्युसिफरेज काम करून उजेड पाडतं तो पदार्थ) टोचा, किलोला १५० मिलिग्रॅम, आणि दहा मिनिटांनी कॅमेऱ्याखाली ठेवा. ज्या पायात डीएनए केंद्रकापर्यंत पोचला तो पाय उजळतो. अँटिबॉडीसाठी सहा आठवडे थांबायला नको, आठवड्यात उत्तर मिळतं आणि उंदीर जिवंत राहतो.

डाव्या-उजव्या दोन्ही पायांत द्या. एकाच उंदराचा एक पाय उजळ आणि दुसरा काळा दिसला, तर वाद संपला: उंदीर तोच, प्लाझ्मिड तेच, दिवस तोच, फरक फक्त इंजेक्शनाचा. सगळे पाय सारखे उजळले आणि तरीही अँटिबॉडी विखुरलेली राहिली, तर मात्र मी पुन्हा अँटिजेनकडे, डोसांमधल्या अंतराकडे आणि सीरमकडे वळेन. पोचवण्याची कुठलीही नवी पद्धत, मग ती विजेची असो की कणांची, आधी या कॅमेऱ्याखालून जाऊ द्या.

विजेचे झटके

उघड्या इंजेक्शनाच्या वर जायचं असेल तर स्नायूसाठी इलेक्ट्रोपोरेशन हा सगळ्यात भरवशाचा मार्ग आहे. डीएनए टोचायचा आणि लगेच त्या जागी विजेचे छोटे झटके द्यायचे. पटलाला क्षणभर भोकं पडतात आणि ऋणभारित डीएनए धन इलेक्ट्रोडच्या दिशेने आत ढकलला जातो. उंदराच्या स्नायूसाठी खूप वापरली गेलेली मापं म्हणजे सेंटिमीटरला २०० व्होल्ट, २० मिलिसेकंदांचे आठ झटके. प्रथिनाची पातळी उघड्या इंजेक्शनाच्या कितीतरी पट वाढते आणि ठिपकेही जवळ येतात. तरीही विखुरले, तर पुढचं बघा.

‘सेंटिमीटरला’ हा शब्द विसरला जातो. यंत्रावर ८० व्होल्ट लावले आणि पाय इलेक्ट्रोडच्या चिमट्यात ४ मिलिमीटर जाड भरला, तर २०० मिळतात. पुढच्या उंदराचा पाय ६ मिलिमीटर भरला आणि बटण तसंच राहिलं, तर १३३ च उरतात, आणि तो उंदीर कोरा राहतो. प्रत्येक पायाचं अंतर मोजा आणि व्होल्ट त्याप्रमाणे बदला.

चिमट्याच्या पट्ट्यांना जेल लावा. हवेची फट राहिली की वीज वाकडी जाते. पण जेल पायाभोवती एका पट्टीपासून दुसऱ्या पट्टीपर्यंत ओघळलं तर वीज स्नायूतून न जाता जेलमधूनच जाते. यंत्रावर प्रवाहाचा आकडा दिसत असेल तर तो प्रत्येक वेळी लिहा. एकाच उंदराला अचानक दुप्पट दिसला की जेल पुसून बघा. प्रत्येक झटक्याला पाय उडायला हवा. उडाला नाही तर संपर्क तुटलेला आहे.

क्रम उलटा होऊ देऊ नका. आधी झटके आणि मग डीएनए दिला तर उपयोग होत नाही, झटक्याच्या क्षणी डीएनए पटलाला टेकलेला असायला हवा. इंजेक्शन आणि झटके यांत सगळ्या उंदरांना तेवढाच वेळ ठेवा. आमच्याकडे एक जण टोचतो आणि दुसरा चिमटा धरून तयार असतो. अर्धे झटके एका दिशेने आणि अर्धे उलट दिशेने दिले की स्नायूच्या दोन्ही बाजूंना डीएनए मिळतो.

आणि व्होल्ट वाढवत नेऊ नका. एका मर्यादेनंतर भोकं बुजत नाहीत, तंतू मरतात, आणि पहिल्या दिवशी उजळलेला पाय आठवड्यात काळवंडतो. ल्युसिफरेज एकदाच न बघता तिसऱ्या आणि सातव्या, दोन्ही दिवशी बघा म्हणते ते यासाठी. झटके वेदनादायक असतात. प्राण्याची भूल पूर्ण आहे हे पंजा चिमटून बघितल्याशिवाय बटण दाबायचं नाही, आणि नैतिकता समितीने मंजूर केलेल्या मापांबाहेर जायचं नाही.

जाळी सैल करायची असेल तर हायल्युरोनिडेज हे एन्झाइम दोन तास आधी त्याच स्नायूत देता येतं. तंतूंमधली जाळी विरघळते, डीएनए स्नायूभर पसरतो आणि कमी व्होल्टवर काम भागतं. मी ते स्नायूला इजा दिसू लागली तरच वापरते. एका उंदराला दोन इंजेक्शनं म्हणजे हाताची चूक व्हायच्या दोन जागा.

कातडीतून

स्नायूपेक्षा कातडीत रोगप्रतिकारक पेशींची वस्ती दाट असते. १९९२ साली टँग, डेव्हिट आणि जॉन्स्टन यांनी सोन्याच्या सूक्ष्म कणांवर डीएनए बसवून उंदराच्या कानात झाडला आणि अँटिबॉडी मिळवली. या जीन गनला सुईच्या मानाने शेकडो पट कमी डीएनए लागतो, कारण कण थेट पेशीच्या आत जाऊन थांबतात. फक्त एक ध्यानात ठेवा. गनमधून दिलेल्या लशीत आयजीजी-१ या अँटिबॉडीच्या उपप्रकाराकडे कल दिसतो आणि स्नायूतल्या इंजेक्शनात आयजीजी-२ए कडे. दोन पद्धतींची तुलना नुसत्या एकूण टायटरवर करू नका.

माणसात कातडीचा मार्ग भारतातच मोठ्या प्रमाणावर चालवून दाखवला गेला. झायकोव्ह-डीला २० ऑगस्ट २०२१ रोजी आणीबाणीच्या वापराची परवानगी मिळाली, माणसासाठीची ती जगातली पहिली डीएनए लस. अठ्ठावीस हजारांहून जास्त स्वयंसेवकांच्या चाचणीत लक्षणं असलेल्या कोविडविरुद्ध अंतरिम परिणामकारकता ६६.६ टक्के आली. तीन डोस, २८ दिवसांच्या अंतराने, प्रत्येक डोस ०.१ मिलिलिटरच्या दोन फवाऱ्यांत, दोन वेगळ्या जागी. सुई नाहीच. फार्माजेटच्या ट्रॉपिस या स्प्रिंगच्या उपकरणातून द्रवाची बारीक धार कातडीच्या आत शिरते, आणि धारेचा दाब तेच काम करतो जे उंदराच्या स्नायूत फुगवटा करतो. पुढे पुण्याच्या जेनोव्हाने ओमायक्रॉनसाठीची आपली एमआरएनए लस जेमकोव्हॅक-ओएम याच उपकरणाने कातडीत द्यायची ठेवली.

धारेचं उपकरण प्रयोगशाळेत वापरताना दोन गोष्टी बघा. ते कातडीला काटकोनात आणि घट्ट टेकलेलं हवं, तिरकं धरलं की धार कातडी चिरून बाजूला सांडते. आणि दिल्यानंतर त्या जागी बोट फिरवा. किंचित दमटपणा चालतो, ओघळ आला तर डोस गेला. माणसासाठीचं उपकरण उंदराच्या कागदासारख्या कातडीवर वापरू नका, धार कातडी पार करून स्नायूत किंवा त्याही पलीकडे जाते. त्यासाठी गिनिपिग किंवा ससा घ्या. सुईने कातडीत द्यायचं असेल तर मसुरीएवढा पांढरट फुगा उठलाच पाहिजे. तो उठला नाही तर डीएनए कातडीखाली गेला आहे.

कणांबद्दल

पॉलिइथिलिनिमीन किंवा तसल्या धनभारित पदार्थात डीएनए बांधायचा असेल तर मिश्रण ५ टक्के ग्लुकोजमध्ये करा. सलाइनमध्ये कण एकमेकांना चिकटून वाढत जातात आणि पहिल्या उंदराला दिलेले कण आणि दहाव्याला दिलेले कण सारखे राहत नाहीत. टायटर उंदराच्या क्रमांकाप्रमाणे घसरत गेलेला दिसला तर दोष हाच.

एमआरएनए लशींचे लिपिड नॅनोकण (मेदाचे अतिसूक्ष्म कण) हाताशी आहेत म्हणून त्यांत प्लाझ्मिड भरण्याचा मोह सध्या सगळ्यांना होतो आहे. सांभाळून करा. पेशीद्रवात दुहेरी धाग्याचा डीएनए दिसला की सीजीएएस आणि स्टिंग या पेशीतल्या प्रथिनांची धोक्याची घंटा वाजते. थोडी वाजली तर लशीला उपकारकच, डीएनए लशीचं अंगभूत अ‍ॅडजुव्हंट बऱ्याच अंशी तेच आहे. पण नॅनोकण एकदम फार डीएनए पेशीद्रवात ओततात, आणि शिरेतून दिल्यास उंदीर दगावू शकतात. एमआरएनएचा डोस जसाच्या तसा उचलू नका. अगदी कमी मात्रेपासून, स्नायूतूनच सुरुवात करा आणि उंदरांचं वजन रोज घ्या.

सशात गेल्यावर सगळं पुन्हा बिघडतं

उंदरात ठिपके जुळले, आनंद झाला, सशात गेलो आणि पुन्हा निम्मे कोरे. याचं कारण बहुतेक वेळा वजनाच्या हिशेबाने मात्रा वाढवण्यात असतं. उंदरात स्नायूएवढं पाणी घालून दाब मिळत होता. सशाच्या मांडीत अर्धा मिलिलिटर किंवा माणसाच्या दंडात एक मिलिलिटर घातलं तर स्नायूला ते जाणवतही नाही. मायक्रोग्रॅम वाढतात, दाब मात्र नाहीसा होतो. सशापासून पुढे उघड्या इंजेक्शनावर विसंबू नका, वीज किंवा धार सुरुवातीपासूनच योजनेत ठेवा, आणि एका मोठ्या इंजेक्शनाऐवजी तेवढंच द्रव दोन-तीन जागी वाटून द्या.

याला मोठा अपवाद माशांचा. कॅनडात २००५ साली सामन माशांच्या आयएचएन या विषाणूवर एक डीएनए लस मंजूर झाली. दर माशाला १० मायक्रोग्रॅम उघडं प्लाझ्मिड, एकदाच, स्नायूत. त्याच वर्षी अमेरिकेत घोड्यांसाठी वेस्ट नाइलची डीएनए लस मंजूर झाली. म्हणून एका प्राण्यात जमलेली पोचवण्याची रीत दुसऱ्यात तशीच चालेल किंवा चालणारच नाही, दोन्ही गृहीत धरू नका. प्रत्येक नव्या प्राण्यात आधी ल्युसिफरेज, मग लस.

वहीतला शेवटचा रकाना

आमच्या वहीत आता प्रत्येक उंदरासमोर बॅच, कुणी टोचलं, किती वाजता, पायाची जाडी, व्होल्ट आणि प्रवाह असे रकाने असतात. शेवटचा रकाना ‘थेंब आला का’ असा आहे, आणि त्यात सुई काढल्याबरोबर लिहायचं, संध्याकाळी आठवून नाही. थेंब आलेल्या उंदराला सोयीप्रमाणे नंतर गटातून काढायचं नसतं. तो काढायचा की ठेवायचा याचा नियम पहिलं इंजेक्शन देण्याआधी लिहून दोघांच्या सह्या घेतलेल्या असतात, आणि एलायझा लावणाऱ्याला तो रकाना प्लेट वाचून झाल्यावरच दाखवतात.